नव्या बँक खात्यासाठी ओळखीची पडताळणी

कोल्हापूर जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे

कोल्हापूर जिल्ह्यातील ग्रामीण कुटुंबाच्या उत्पन्नाचा बहुतेक भाग आज बँकेच्या खात्यातून घरी येतो. उसाचे बिल, दुधाचे बिल, निराधारांचे अनुदान, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, पीक विम्याची भरपाई आणि २०२४ साली सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा साहाय्य या सर्वांचा मार्ग खात्यावरूनच जातो. एके काळी बँकेचे खाते हे व्यापाऱ्याच्या किंवा नोकरदाराच्या सोयीचे साधन होते. आता ते शेतमजुराच्या आणि विधवा स्त्रीच्याही निर्वाहाचे साधन झाले आहे. त्यामुळे खाते उघडताना होणारी ओळखीची पडताळणी ही केवळ बँकेची अंतर्गत बाब राहिलेली नाही.

या पडताळणीविषयी दोन्ही बाजूंनी तक्रारी ऐकू येतात. लोक अपुरे कागद घेऊन येतात, नावे जुळत नाहीत, असे बँकेचे कर्मचारी सांगतात. बँक एकाच कामासाठी चार हेलपाटे घालावयास लावते, प्रत्येक वेळी नवा कागद मागते, असे खातेदार सांगतात. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. तथापि या अडचणींचे मूळ पुष्कळदा बँकेच्या खिडकीपाशी नसते. ते गावातील शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या आणि तलाठी कार्यालयाच्या नोंदवहीत असते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. म्हणूनच अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी या विषयाचा अभ्यास करणे अगत्याचे आहे.

परिचयाच्या स्वाक्षरीपासून कागदापर्यंत

जुन्या पद्धतीत नवे खाते उघडणाऱ्यास त्याच बँकेतील एखाद्या जुन्या खातेदाराची परिचयादाखल स्वाक्षरी आणावी लागे. ‘मी या गृहस्थांस ओळखतो’ एवढ्या एका विधानावर खाते उघडले जाई. या पद्धतीस कायद्याचाही आधार होता. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातील कलम १३१ अन्वये, ग्राहकासाठी धनादेशाची वसुली करणाऱ्या बँकेला संरक्षण मिळते. परंतु तिने सद्भावनेने व निष्काळजीपणा न करता काम केले असले पाहिजे. चोरलेला धनादेश खोट्या नावाच्या खात्यात भरून पैसे उचलले गेले आणि ते खाते योग्य परिचयावाचून उघडले होते असे दिसले, तर न्यायालये तो बँकेचा निष्काळजीपणा मानू शकत. ओळख पटविण्याचा आग्रह आजकालचा नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

परिचयाच्या पद्धतीत दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे भिडेपोटी स्वाक्षरी देणारे पुष्कळ असत. दुसरी अधिक गंभीर होती. ज्याची गावात कोणाशीच ओळख नाही, त्याला खातेच मिळत नसे. इचलकरंजीच्या यंत्रमागावर परप्रांतातून आलेला कामगार, गळीत हंगामापुरता आलेला ऊसतोड मजूर, हुपरीच्या चांदी कारागिरांकडे काम करणारा परगावचा तरुण यांना परिचय कोणी द्यावयाचा? ज्यांना बचतीची सर्वाधिक गरज, तेच बँकेच्या बाहेर राहत.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००२ मध्ये ‘आपला ग्राहक ओळखा’ या स्वरूपाच्या सूचना बँकांना दिल्या व नोव्हेंबर २००४ मध्ये त्या अधिक विस्तृत केल्या. काळ्या पैशाचे रूपांतरण रोखण्यासाठी संमत झालेला २००२ चा अधिनियम १ जुलै २००५ पासून अंमलात आला आणि ओळख पडताळणी हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य ठरले. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी रिझर्व्ह बँकेने या विषयावरील सर्व सूचना एका निदेशात एकत्रित केल्या. ‘केवायसी’ हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द आता खेड्यापाड्यांतही रूढ झाला आहे. या बदलाचे सार असे की, ओळखीचा पुरावा म्हणून माणसाच्या शब्दाची जागा शासनमान्य कागदाने घेतली. नव्या पद्धतीत जुन्या खातेदाराची परिचयाची स्वाक्षरी आवश्यक नाही.

२०१६ सालचा धडा

ही पडताळणी किती महत्त्वाची आहे, याचा प्रत्यय कोल्हापूर जिल्ह्याने २०१६ च्या नोव्हेंबरात घेतला. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजार रुपयांच्या नोटा चलनातून रद्द झाल्याची घोषणा झाली. १० नोव्हेंबरला बँका उघडल्या आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांच्या शाखांतूनही जुन्या नोटा स्वीकारण्यास प्रारंभ झाला. मात्र १४ नोव्हेंबर रोजी रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई केली.

कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात या निर्णयाचा परिणाम दूरवर झाला. येथील शेतकऱ्याचे पीककर्ज गावच्या विकास सेवा संस्थेमार्फत जिल्हा बँकेतून येते; अनेकांचे एकमेव खातेही तेथेच असते. सुगी आणि उसाचा हंगाम एकाच वेळी सुरू असताना स्वतःच्याच बँकेत नोटा भरता येईनात. राज्यातील जिल्हा बँकांनी त्या चार-पाच दिवसांत स्वीकारलेल्या जुन्या नोटांची रक्कम पावणेतीन हजार कोटी रुपयांच्या आसपास होती. त्या नोटा बँकांच्या तिजोऱ्यांत पडून राहिल्या आणि जून २०१७ मध्ये त्या रिझर्व्ह बँकेकडे जमा करण्याची परवानगी मिळाली.

मनाईसंबंधीच्या वादात पुढे आलेला एक प्रमुख मुद्दा खातेदारांच्या ओळख पडताळणीचा होता. आपल्या खातेदारांची कागदपत्रे नियमानुसार पूर्ण आहेत, असे जिल्हा बँकांचे म्हणणे होते. खात्यांची तपासणी नाबार्डमार्फत करण्यात आली. त्या वादात कोणाची बाजू किती खरी होती, हा या लेखाचा विषय नाही. आपल्या दृष्टीने बोध एवढाच की, एखाद्या संस्थेच्या कागदपत्रांविषयी शंका उपस्थित झाली, तर तिचा भार अखेर प्रामाणिक ठेवीदारावर पडतो. ज्या शेतकऱ्याने घाम गाळून पैसा मिळविला होता, त्यालाही थांबावे लागले. पूर्ण व निर्दोष पडताळणी ही बँकेइतकीच खातेदाराच्याही हिताची आहे.

कोणते कागद ग्राह्य?

नियमांनी सहा प्रकारच्या कागदांना ‘अधिकृत वैध दस्तऐवज’ मानले आहे. पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, आधार क्रमांक धारण केल्याचा पुरावा, निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याने रीतसर स्वाक्षरी केलेले रोजगार हमीचे जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे नाव व पत्ता असलेले पत्र हे ते सहा होत. यांपैकी कोणताही एक पुरेसा आहे. याखेरीज अलीकडील छायाचित्र आणि पॅन क्रमांक द्यावा लागतो. पॅन नसल्यास आयकर नियमांनुसार विहित नमुन्यातील घोषणापत्र द्यावे लागते. लोक ते वर्षानुवर्षे ‘फॉर्म ६०’ या नावाने ओळखत आले आहेत. पॅन नाही म्हणून शेतमजुराचे खाते अडून राहण्याचे कारण नाही.

येथे काही गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला व सरपंचाचा रहिवासी दाखला हे कागद आपापल्या ठिकाणी मोलाचे आहेत. पण वर सांगितलेल्या सहांत त्यांचा समावेश नाही. पॅन कार्डही त्या यादीत नाही. त्यावर पत्ता नसतो. म्हणून ‘सरपंचांचा दाखला घेऊन जा, काम होईल’ असा सल्ला देऊन कोणाला बँकेत पाठविल्यास त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडण्याचा संभव असतो.

आधारविषयीही स्पष्टता हवी. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात प्रत्येक बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती अवैध ठरविली. त्यानंतर २०१९ च्या सुधारणेने आधारचा स्वेच्छेने वापर करण्याची तरतूद झाली. तेव्हा केवळ बचत खाते उघडणाऱ्यास आधारऐवजी अन्य वैध दस्तऐवज देता येतो. मात्र कायद्यान्वये आधारशी निगडित केलेल्या शासकीय अनुदानाचा लाभ खात्यावर घ्यावयाचा असेल, तर आधार क्रमांक द्यावा लागतो. आधारची केवळ छायाप्रत घेतली जात असेल व आधारद्वारे प्रमाणीकरण होत नसेल, तेव्हा क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेले असावेत, असा नियम आहे. छायाप्रतीवर तारीख आणि ‘अमुक बँकेत खाते उघडण्यासाठी’ असे लिहून स्वाक्षरी करण्याची सवय लावून घेतल्यास तिचा गैरवापर करणे अवघड होते.

शेतीत व यंत्रमागावर राबणाऱ्या हातांची एक वेगळी अडचण आहे. बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्र अंगठा स्वीकारत नाही. वृद्धांच्या बाबतीत हे वारंवार घडते. अनुदानासाठी खाते उघडणाऱ्याच्या बाबतीत दुखापत, आजार, वार्धक्य अथवा अन्य कारणाने आधार प्रमाणीकरण होऊ शकत नसेल, तर बँकेच्या कर्मचाऱ्याने आधारची ऑफलाइन पडताळणी करावी किंवा दुसऱ्या वैध दस्तऐवजाची प्रमाणित प्रत घ्यावी, अशी तरतूद आहे. अंगठा उमटत नाही एवढ्या कारणावरून कोणालाही परत पाठविणे योग्य नव्हे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातील पीडित व दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना, डिजिटल ओळख पडताळणी सर्वांना सुलभ असली पाहिजे असे आदेश दिले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये नियमांत सुधारणा केली. तीनुसार कोणताही अर्ज विचार न करता फेटाळता येत नाही आणि फेटाळल्यास त्याचे कारण नोंदवावे लागते.

नाव एक, रूपे अनेक

पडताळणीतील सर्वांत कठीण भाग नावाचा आहे, आणि त्याची झळ प्रामुख्याने स्त्रियांना बसते.

महाराष्ट्राच्या रूढीप्रमाणे विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते. काही घरांत तिचे पहिले नावही बदलले जाते. परिणामी शाळेचा दाखला माहेरच्या नावाचा, मतदार ओळखपत्र सासरच्या नावाचा आणि पॅन आणखी तिसऱ्याच रूपात, अशी स्थिती होते. त्यातच बोलण्यातील आदरार्थी प्रत्यय नोंदीत शिरतात. ‘शांता’ ही कोठे ‘शांताबाई’, कोठे ‘शांताक्का’ होते. ‘बाळू’ कोठे ‘बाळासाहेब’, तर कोठे ‘बाळासो’ असा लिहिला जातो. देवनागरीतून रोमन लिपीत जाताना आणखी फरक पडतो. एकच आडनाव दोन कार्डांवर दोन प्रकारच्या अक्षरांत उमटते. संगणकाच्या दृष्टीने ती दोन भिन्न माणसे ठरतात.

कोल्हापूर हा सीमेवरील जिल्हा आहे. निपाणी, चिक्कोडी, बेळगाव या भागांशी येथील घरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सोयरसंबंध आहेत. तिकडून सून होऊन आलेल्या मुलीची जन्मनोंद आणि शाळेचा दाखला बहुधा कन्नड भाषेत असतो. पुष्कळदा नावाची मांडणीही निराळी, म्हणजे आद्याक्षरांसह, असते. कागल किंवा गडहिंग्लजच्या शाखेतील कर्मचाऱ्याला तो कागद वाचता येत नाही, आणि तिला त्याचे कारण समजावून सांगता येत नाही. दोघांपैकी कोणाचाच दोष नसताना काम खोळंबते.

यावर नियमांत उत्तर आहे, परंतु ते फार थोड्यांना माहीत असते. दस्तऐवज मिळाल्यानंतर विवाहामुळे अथवा अन्य कारणाने नाव बदलले असल्यास, जुन्या नावाचा दस्तऐवजही ग्राह्य धरला जातो. मात्र त्यासोबत राज्य शासनाने दिलेले विवाह नोंदणी प्रमाणपत्र अथवा नावबदलाचे राजपत्र जोडावे लागते. महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या अधिनियमानुसार होते आणि गावपातळीवर हे काम ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, असते. लग्नाच्या गडबडीत नोंदणी राहून जाते, वर्षे उलटतात, आणि पुढे पती निवर्तल्यावर वारसा किंवा निवृत्तिवेतनाच्या वेळी त्या एका कागदावाचून सर्व अडते. विवाह होताच नोंदणी करून घेणे हा या प्रश्नावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या प्रभागातील प्रत्येक नवविवाहित जोडप्याकडून ती करवून घेतली, तर एका पिढीची अडचण दूर होईल.

यापुढील पिढीच्या नावांची मांडणी निराळी असणार आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंदविण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. या मुलांचे शाळाप्रवेश सुरू होतील तेव्हा जन्मनोंदीतील चारही नावे जशीच्या तशी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये उतरली पाहिजेत. जुन्या सवयीने आईचे नाव गाळले गेले, तर पुढे शिष्यवृत्तीच्या खात्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत तफावत त्या मुलाची पाठ सोडणार नाही.

पत्त्याचा प्रश्न

इचलकरंजीचे यंत्रमाग असोत, शिरोली व गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती असोत, येथे बाहेरून आलेल्या कामगारांचा पत्ता गावाकडचा असतो आणि वास्तव्य भाड्याच्या खोलीत असते. घरमालक भाडेकरार करून देत नाही; विजेचे बिल त्याच्या नावावर असते. आधारद्वारे ओळख देणाऱ्यास, आधारवरील पत्त्याहून सध्याचा पत्ता वेगळा असल्यास, त्याविषयी स्वतःचे घोषणापत्र देता येते. अन्य दस्तऐवजावर सध्याचा पत्ता नसेल, तर दोन महिन्यांहून जुने नसलेले वीज, पाणी, दूरध्वनी किंवा नळाद्वारे येणाऱ्या गॅसचे बिल, मालमत्ता कराची पावती, शासकीय निवृत्तिवेतनाचा आदेश यांसारखा कागद तात्पुरता चालतो. मात्र तीन महिन्यांच्या आत सध्याच्या पत्त्याचा वैध दस्तऐवज सादर करावयाचा असतो. ही मुदत टिपून ठेवावी.

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना आणखी एक धोका असतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात करवीर व शिरोळ तालुक्यांतील अनेक गावे पाण्याखाली गेली. कपाटे, पेट्या भिजल्या, त्यांतील कागदांचा लगदा झाला; आणि नेमक्या त्याच वेळी साहाय्याच्या रकमेसाठी बँकेचा तपशील व ओळखीचा पुरावा द्यावा लागला. अशा गावांनी पावसाळ्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. कागद जलरोधक पिशवीत एकत्र ठेवून ती पिशवी घर सोडताना प्रथम हाती घ्यावी, आणि शक्य ते दस्तऐवज ‘डिजिलॉकर’मध्ये उतरवून ठेवावेत. शासकीय यंत्रणेने तेथे दिलेला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज कायद्याने मूळ कागदासमान मानला जातो. ज्यांच्यापाशी साधा दूरध्वनी आहे, त्यांच्यासाठी हे काम ग्रामपंचायतीचे संगणकचालक किंवा शाळेतील वरच्या वर्गाचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली करू शकतील.

कागदच नसेल तर

ज्याच्याजवळ सहांपैकी एकही दस्तऐवज नाही, त्यालाही बँकेचे दार बंद नाही. अशा व्यक्तीस ‘लघु खाते’ उघडता येते. बँकेच्या अधिकाऱ्यासमक्ष आपल्या छायाचित्रावर स्वाक्षरी किंवा अंगठा करून हे खाते मिळते. त्यावर काही मर्यादा आहेत. वर्षभरात एक लाख रुपयांहून अधिक रक्कम जमा होऊ शकत नाही, महिन्यात दहा हजार रुपयांहून अधिक काढता अथवा पाठविता येत नाही, आणि शिल्लक पन्नास हजार रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. शासकीय अनुदान, कल्याणकारी योजनांचे लाभ आणि शासकीय खरेदीचे पैसे जमा होताना मात्र शिल्लक रकमेची मर्यादा आड येत नाही. हे खाते प्रारंभी बारा महिने चालते. त्या अवधीत वैध दस्तऐवजासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिल्यास आणखी बारा महिने मिळतात. कागद मिळवून देण्यासाठीच हा अवधी आहे, हे समजून गावातील कार्यकर्त्यांनी त्याचा उपयोग करावा.

महिला बचत गटांसाठीही सवलत आहे. गटाचे बचत खाते उघडताना सर्व सभासदांची कागदपत्रे आवश्यक नाहीत. पदाधिकाऱ्यांची पडताळणी पुरेशी असते. एखाद्या सभासद भगिनीचा कागद अपुरा आहे म्हणून संपूर्ण गट अडून राहू नये, असा यामागील हेतू आहे.

खाते उघडल्यानंतर

पडताळणी एकदा झाली की संपली, असे नाही. खात्याच्या जोखमीनुसार ठराविक काळाने ती अद्ययावत करावी लागते. सर्वसाधारण बचत खातेदार कमी जोखमीच्या वर्गात येतो आणि त्याच्यासाठी ही मुदत दहा वर्षांची आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतील असंख्य खात्यांची दहा वर्षे एकदमच पूर्ण होऊ लागली. म्हणून १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात ग्रामपंचायत पातळीवर शिबिरे घेण्यात आली. तपशिलात बदल नसल्यास नवे कागद लागत नाहीत. बदल नसल्याचे स्वतःचे घोषणापत्र पुरते. जून २०२५ च्या सुधारणेनुसार हे काम गावातील बँक प्रतिनिधीकडेही करता येते, आणि मुदतीपूर्वी बँकेने किमान तीन वेळा सूचना देणे आवश्यक आहे; त्यांतील एक सूचना पत्राने असावी लागते.

याच संदर्भात सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. ‘तुमची केवायसी संपली, खाते बंद होणार’ असा दूरध्वनी करून सांकेतिक क्रमांक विचारणारे भामटे असतात. बँक असा क्रमांक दूरध्वनीवरून कधीही विचारत नाही. शंका आल्यास खातेदाराने स्वतः शाखेत जावे.

आणखी एक गैरसमज आढळतो. ओळखीसाठी आधार दिले म्हणजे अनुदान त्याच खात्यावर येईल, असे लोक समजतात. परंतु आधारवर आधारित अनुदान ज्या बँकेशी तो क्रमांक शेवटी संलग्न केलेला असतो, त्या बँकेतील खात्यावर जाते. अनुदान आले नाही असे कोणी सांगितल्यास, क्रमांक कोणत्या बँकेशी संलग्न आहे हे प्रथम तपासावे. पैसे पुष्कळदा एखाद्या विस्मृतीत गेलेल्या जुन्या खात्यावर जमा झालेले असतात.

खाते भाड्याने देऊ नये

पडताळणीचा मूळ हेतू खोट्या खात्यांना आळा घालण्याचा आहे. आता गुन्हेगारांना खोट्या कागदांची गरज उरलेली नाही. ते खऱ्या माणसांची खाती वापरतात. ‘तुझ्या नावावर खाते उघड, कार्ड आणि सिम आमच्याकडे दे, दरमहा काही रक्कम मिळेल’ असे आमिष तरुणांना दाखविले जाते. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून पुढे जातो आणि पोलीस प्रथम येतात ते खातेदाराच्या दारी. कागद खरे, छायाचित्र खरे, स्वाक्षरीही खरी, म्हणून सुटका नाही. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील अल्पवयीनांना बँकांच्या धोरणानुसार स्वतंत्रपणे बचत खाते चालविण्याची मुभा दिली असल्याने, हा विषय आता माध्यमिक शाळेतही शिकवावा लागेल. आपले खाते म्हणजे आपली स्वाक्षरी. ती भाड्याने देता येत नाही, एवढे वाक्य विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ काम होईल.

गावपातळीवरील कर्तव्ये

वरील विवेचनावरून प्रत्येकाच्या वाट्याचे काम ठरविता येईल. मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या वेळी जन्म प्रमाणपत्र पाहूनच नाव लिहावे, घरगुती नावावरून लिहू नये. १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या सुधारित कायद्याने त्या तारखेनंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत जन्म प्रमाणपत्राचे महत्त्व अधिकच वाढविले आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जन्म व विवाहाची नोंद करताना देवनागरी व रोमन या दोन्ही लिपींतील नाव कुटुंबास वाचून दाखवावे आणि मगच स्वाक्षरी घ्यावी. पंचायत सदस्यांनी वर्षातून एकदा ग्रामसभेत बँकेच्या प्रतिनिधीस बोलावून, कागद अपुरे असलेल्या कुटुंबांची यादी करावी. बँकेच्या शाखाधिकाऱ्यांनी आवश्यक कागदांची यादी मराठीत ठळकपणे लावावी, आणि उणीव असल्यास ती एकाच वेळी, लेखी कळवावी. एवढे झाले तरी चारांपैकी तीन हेलपाटे वाचतील.

खातेदारासही हक्क आहेत. खाते नाकारल्यास त्याने कारण विचारावे व बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्याविषयीची तक्रार सहकार खात्याकडे करावयाची असते, हा भेद कोल्हापूरसारख्या पतसंस्थांचे जाळे असलेल्या जिल्ह्यात विशेषत्वाने ध्यानात ठेवावा.

पूर्वी खाते उघडताना गावातील जाणता माणूस परिचयाची स्वाक्षरी देत असे. ती स्वाक्षरी आता लागत नाही. परंतु जाणत्या माणसाची जबाबदारी संपलेली नाही. पहिलीच्या वर्गात नाव लिहिणारा शिक्षक, जन्माची नोंद करणारा ग्रामपंचायत अधिकारी आणि विवाह नोंदणीची आठवण देणारा पंचायत सदस्य हेच आजचे परिचय देणारे होत. त्यांनी लिहिलेले अक्षर अचूक असेल, तर साठ वर्षांनंतर निवृत्तिवेतनासाठी बँकेच्या खिडकीशी उभ्या राहिलेल्या वृद्धेला ‘ही मीच’ हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागणार नाही.